कोथरूडमधील चार इमारतींच्या सोसायटीची कॅमेरा यंत्रणा: प्रकल्प नोंदी, मे ते जुलै २०२५

५ मे २०२५, सोमवार

पौड रस्त्यालगतच्या या गृहनिर्माण सोसायटीत अ, ब, क आणि ड अशा चार इमारती, एक मुख्य फाटक, मागच्या बाजूला कचरागाडीसाठीचे छोटे फाटक आणि तळमजल्यावर सलग पसरलेले वाहनतळ आहे. सध्याची यंत्रणा जुन्या पद्धतीची असून तिच्यात सोळा अ‍ॅनालॉग कॅमेरे, कोअ‍ॅक्सियल केबल आणि सोसायटी कार्यालयातील एक डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) आहे. मार्च महिन्यात वाहनतळातून एक स्कूटर चोरीला गेली. मालक गावी गेलेले असल्याने चोरीचा पत्ता नऊ दिवसांनी लागला, आणि डीव्हीआरमध्ये जेमतेम आठवडाभराचेच चित्रण शिल्लक राहत असल्यामुळे तोवर त्या रात्रीचे चित्रण पुसले गेले होते. सचिवांनी कॅमेऱ्यांची संख्या दुप्पट करण्याचा प्रस्ताव मांडला आहे. संख्येचा विचार नंतर करावा आणि आधी प्रत्येक जागेपुरता एकच प्रश्न लिहून काढावा, असे मी त्यांना सुचवले: या जागी काही घडले, तर चित्रणातून नेमके काय कळायला हवे?

हा प्रश्न मोजता येतो. कॅमेरा यंत्रणांसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकात दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीमागे किती पिक्सेल हवेत याचे ठोकताळे दिलेले आहेत. कोणीतरी आहे एवढेच कळायला २५, हालचाल नीट पाहायला सुमारे ६२, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. वाहनतळातील सध्याच्या कॅमेऱ्याची आडवी क्षमता १९२० पिक्सेल असून त्याची २.८ मिलिमीटरची लेन्स जवळजवळ शंभर अंशांचा पट्टा घेते, म्हणजे बारा मीटरवर तो सुमारे २८ मीटर रुंदी पाहतो आणि मीटरमागे साधारण ६७ पिक्सेल हाती लागतात. चित्रण पुसले गेले नसते तरी त्यात चेहरा ओळखता आला नसता. सचिवांना हे कागदावर आकडेमोड करून दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि प्रत्येक जागेपुढे तिचा प्रश्न लिहिण्याची वही स्वतःच घातली.

७ मे २०२५, बुधवार

नवे काम सुरू होण्यापूर्वी जुन्या यंत्रणेतील एक जुनी तक्रार तपासली, कारण तिच्या कारणावर नव्या यंत्रणेची आखणी अवलंबून होती. क इमारतीच्या जिन्यापाशी असलेला कॅमेरा दिवसभर व्यवस्थित चालतो आणि अंधार पडल्यावर दर दोन-तीन मिनिटांनी बंद पडून पुन्हा सुरू होतो. यापूर्वी दुसऱ्या कंत्राटदाराने तो कॅमेरा दोनदा बदलला होता आणि तक्रार जशीच्या तशी राहिली होती.

दुपारी मल्टीमीटरने मोजणी केली. कार्यालयातील एसएमपीएसपाशी (कॅमेऱ्यांना वीज पुरवणाऱ्या पेटीपाशी) १२.२ व्होल्ट मिळाले आणि साठ मीटर केबल ओलांडून कॅमेऱ्याच्या पिनेपाशी ११ व्होल्ट. कॅमेरा त्या वेळी ०.२ अँपिअर प्रवाह घेत होता, म्हणजे जाऊन-येऊन तारेचा रोध सुमारे ६ ओहम भरला. संध्याकाळी सातनंतर तिथेच पुन्हा थांबलो. इन्फ्रारेड दिवे लागताच प्रवाह ०.५ अँपिअरवर गेला, तारेतच ३ व्होल्ट खर्च झाले आणि कॅमेऱ्यापर्यंत ९.२ व्होल्टच पोहोचले. एवढ्या विद्युत दाबावर कॅमेऱ्याची यंत्रणा टिकत नाही, ती बंद पडते. बंद पडताच दिवे विझतात, प्रवाह उतरतो, दाब पुन्हा वर येतो, कॅमेरा सुरू होतो, अंधार पाहून दिवे लावतो आणि हे चक्र सकाळपर्यंत चालू राहते. दोष कॅमेऱ्यात कधीच नव्हता, तो केबलमधील बारीक तारेत होता, आणि दिवसा घेतलेल्या कोणत्याही मोजणीत तो पुरता उघड झाला नसता. ज्या बिघाडाची वेळ ठरलेली असते तो त्याच वेळी मोजावा लागतो. उद्या एवढ्याच कामासाठी नवा कॅमेरा मागवला जाणार होता, तो थांबवला.

९ मे २०२५, शुक्रवार

कालच्या समितीच्या बैठकीत आराखडा मंजूर झाला. चोवीस आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे, प्रत्येक इमारतीत एक पीओई स्विच (एकाच नेटवर्क केबलमधून चित्र आणि वीज दोन्ही नेणारा) आणि कार्यालयात त्यांचे चित्रण साठवणारा एक एनव्हीआर. पीओई निवडण्याचे मुख्य कारण परवाच्या मोजणीतच आहे. सहा वॅटच्या कॅमेऱ्याला १२ व्होल्टवर ०.५ अँपिअर प्रवाह लागतो, तर नेटवर्क केबलमधून येणाऱ्या ४८ व्होल्टवर त्याचा चौथा भागच पुरतो, त्यामुळे तारेत वाया जाणारी वीज सोळा पटींनी घटते. ८०२.३एएफ या मानकानुसार स्विचचे एक पोर्ट १५.४ वॅटपर्यंत वीज देते आणि कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॅटची हमी असते. स्विच निवडताना मात्र पोर्टांची संख्या पाहून भागत नाही, सर्व कॅमेऱ्यांचे रात्रीचे वॅट एकत्र करून ती बेरीज स्विचच्या एकूण क्षमतेच्या पाऊण पटीत बसते का, हे पाहिले.

तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा शंभर मीटर आहे आणि कार्यालयापासून ड इमारत केबलच्या वाटेने एकशे चाळीस मीटर भरते. त्यामुळे इमारती एकमेकींना सिंगल मोड ऑप्टिकल फायबरने जोडायच्या ठरल्या. याचा दुसरा फायदा मला अंतराइतकाच महत्त्वाचा वाटतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, म्हणून एका इमारतीजवळ वीज कोसळून तारांमध्ये दाब उसळला तरी तो फायबरच्या वाटेने दुसऱ्या इमारतीच्या स्विचपर्यंत पोहोचत नाही. पुण्यात वळिवाच्या दिवसांत होणारा विजांचा कडकडाट पाहता इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल ओढणे मी टाळतोच.

साठवणुकीची मांडणी अशी: वीस कॅमेरे प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट आणि फाटकांवरचे चार कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिट, एकूण ५६ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ७ मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरता सुमारे ६०५ गिगाबाइट आणि तीस दिवसांचे १८.१ टेराबाइट. दहा टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क घेतल्या, तर तेहतीस दिवस मिळतात. डिस्क चोवीस तास लेखनासाठी बनवलेल्या वर्गातीलच घ्यायच्या आहेत, संगणकातील साधी डिस्क या कामात लवकर थकते.

एका विक्रेत्याने जुन्या साठ्यातील कॅमेरे बऱ्याच कमी दरात देऊ केले होते, ते नाकारले. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या आदेशानुसार ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक अत्यावश्यक चाचण्या पार करून नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे. नोंदणी क्रमांक तपासल्याशिवाय एकही खोके उघडायचे नाही, असे सहकाऱ्यांना सांगितले आहे.

१३ मे २०२५, मंगळवार

केबलसाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गेलो. एका दुकानात कॅट-६ च्या नावाने दाखवलेली पेटी दरात जवळपास निम्मी होती आणि हातात घेताच हलकी वाटली. तारेचे टोक चाकूने खरवडताच वरच्या तांब्याखाली चांदीसारखा पांढरा धातू दिसला. हे तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम. खात्रीसाठी मल्टीमीटरही लावला. ३०५ मीटरच्या पेटीत एकाच जोडीच्या दोन तारा पलीकडच्या टोकाला जोडून मोजल्या, तर शुद्ध तांब्याच्या कॅट-६ मध्ये साधारण ४१ ओहम यायला हवेत, इथे ६५ आले. अशा केबलवर छोट्या अंतरात चित्र दिसते, म्हणूनच ती विकली जाते. मात्र पीओईची वीज तिच्यात अधिक तापते, दूरच्या कॅमेऱ्याला दाब कमी पडतो आणि अ‍ॅल्युमिनियम ठिसूळ असल्याने वाकवताना किंवा क्रिम्प करताना (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) तार आतल्या आत तुटते. भिंतीत गेलेली केबल वर्षानुवर्षे बदलली जात नाही, त्यामुळे कॅमेऱ्यावर काटकसर करता आली तरी केबलवर करू नये, असे माझे ठाम मत आहे. शेजारच्याच दुकानातून शुद्ध तांब्याची केबल तपासून घेतली आणि प्रत्येक पेटीचा मोजलेला रोध पावतीवर लिहून ठेवला.

२२ मे २०२५, गुरुवार

अ, ब आणि क इमारतींत केबल ओढून झाली. लिफ्टच्या डक्टमधून जाणाऱ्या २३० व्होल्टच्या तारांपासून स्वतंत्र पाइप घेतला आहे. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावला आहे.

२६ मे २०२५, सोमवार

मोसमी पाऊस आज मुंबई आणि पुण्यात दाखल झाला. जूनचा पहिला पंधरवडा गृहीत धरून बाहेरची कामे आखली होती, ती आखणी बदलावी लागली. मुख्य फाटकाच्या खांबावरचे काम थांबवले आणि इमारतींच्या आतले जोडकाम पुढे घेतले.

जे कॅमेरे आधीच बाहेर बसले आहेत त्यांची पाहणी भर पावसात केली, कारण पाणी कोणत्या वाटेने शिरते ते कोरड्या दिवसात कळत नाही. कॅमेऱ्याचे आवरण आयपी६७ (धूळ आणि पाणी रोखणाऱ्या) दर्जाचे असले तरी त्यामागून लोंबणारी शेपटी आणि तिच्यातील नेटवर्क केबल जोडण्याचे आरजे-४५ सॉकेट त्या दर्जात येत नाहीत. ओल्या जोडात पीओईचा दाब चालू राहिला की पिनांवर हिरवट गंज चढतो आणि काही आठवड्यांत कॅमेरा अधूनमधून गायब होऊ लागतो. त्यामुळे प्रत्येक जोड कॅमेऱ्यासोबत आलेल्या जलरोधक टोपणात बंद करून जंक्शन बॉक्समध्ये ठेवला. बॉक्समध्ये केबल खालच्या बाजूने घेतली आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. एका बॉक्सला आधीच्या कामाचे वरच्या बाजूचे छिद्र उघडे होते. ते सिलिकॉनने बुजवले आणि तळाला निचऱ्यासाठी बारीक छिद्र पाडले.

२ जून २०२५, सोमवार

कॅमेरे एनव्हीआरला जोडण्यास सुरुवात केली. एकाच कंपनीचे कॅमेरे कारखान्यातून एकाच आयपी पत्त्यासह (नेटवर्कमधील ओळख क्रमांकासह) येतात. सगळे एकदम जोडले तर चित्रे आळीपाळीने येतात आणि जातात, आणि दोष केबलचा वाटतो. म्हणून एकेक कॅमेरा जोडून त्याचा पत्ता बदलला, तोच क्रमांक केबलच्या पट्टीवर आणि नकाशावर लिहिला.

पासवर्डबाबत समितीशी सविस्तर बोललो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्याच्या मूळ पासवर्डच्या आधारे ताब्यात घेतले आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने केलेल्या माऱ्यामुळे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ज्यांच्या भिंतीवर ते कॅमेरे होते त्यांना याचा पत्ताही नव्हता. आपल्या यंत्रणेत कॅमेऱ्यांचे जाळे रहिवाशांच्या वायफायपासून पूर्ण वेगळे ठेवले आहे आणि राउटरवर इंटरनेटवरून आत येणारी एकही वाट (पोर्ट) उघडलेली नाही. दोन सदस्यांनी मोबाइलवर सर्व कॅमेरे पाहण्याची सोय मागितली. ती सचिव आणि अध्यक्ष यांच्यापुरती, स्वतंत्र खात्यांनी, दिली आहे.

जुन्या डीव्हीआरचे घड्याळ अकरा मिनिटे पुढे होते. चित्रणातील वेळ आणि प्रत्यक्ष वेळ जुळत नसेल, तर चोरीच्या तपासात बसचे तिकीट, मोबाइलची नोंद आणि कॅमेरा यांची साखळी तुटते. नव्या एनव्हीआरला नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी जोडले, कारण भारतीय प्रमाणवेळ तीच प्रयोगशाळा राखते. कॅमेऱ्यांनी मात्र वेळ एनव्हीआरकडूनच घ्यावी, असे ठरवले. काही कॅमेऱ्यांत उन्हाळी वेळेचा (घड्याळ तासभर पुढे करण्याचा) पर्याय चालू होता, तो बंद केला.

६ जून २०२५, शुक्रवार

ब इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील कॅमेरा आज बराच वेळ खाऊन गेला. तिथे बांधकाम व्यावसायिकाने पूर्वीच भिंतीतून टाकून ठेवलेली कॅट-६ केबल वापरायची होती, कारण नवीन वाट काढायची तर लॉबीची फरशी फोडावी लागली असती. कॅमेऱ्याला वीज मिळत होती, त्याचा पत्ता दिसत होता, चित्र मात्र काही सेकंद येऊन गोठत होते. दिव्यांच्या टेस्टरवर आठही तारा क्रमाने उजळल्या. दुसरा कॅमेरा लावला, तरी तेच. तोच कॅमेरा स्विचशेजारी दोन मीटरच्या तारेवर उत्तम चालला. म्हणजे दोष केबलमध्ये होता आणि टेस्टरला तो दिसत नव्हता.

स्विचच्या नोंदीत त्या पोर्टवर सदोष पाकिटांची (माहितीच्या तुकड्यांची) संख्या सतत वाढत होती. केबलची दोन्ही टोके उघडून रंग पाहिले. पूर्वी ज्याने कनेक्टर बसवले होते त्याने तारा जोड्यांच्या सरळ क्रमाने लावल्या होत्या: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम सारखा असल्याने प्रत्येक तार योग्य पिनेपर्यंत पोहोचत होती आणि टेस्टर समाधानी होता. पण नेटवर्कमध्ये तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी बनते आणि त्या दोन तारा एकमेकींना पीळ घातलेल्या असाव्या लागतात. इथे तिसऱ्या पिनेवर हिरव्या जोडीची तार होती आणि सहाव्या पिनेवर निळ्या जोडीची. केबलमधील पीळ शोभेसाठी नसतो. बाहेरचा विद्युत गोंगाट जोडीतील दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडे दोन्हींची वजाबाकी होताना तो नाहीसा होतो. जोडी फुटली की ही वजाबाकी जुळत नाही. छोट्या अंतरात ते निभावते, सत्तर मीटरवर निभावत नाही.

दोन्ही टोके कापून ५६८-बी या ठरलेल्या रंगक्रमाने पुन्हा क्रिम्प केली, म्हणजे चौथ्या पिनेवर निळा, पाचव्या पिनेवर पांढरा-निळा आणि सहाव्या पिनेवर हिरवा आला. चित्र लगेच स्थिर झाले आणि तासाभरात एकही सदोष पाकीट नोंदले गेले नाही. फरशी वाचली. सोबतच्या तरुण सहकाऱ्याने या केबलचे कापलेले टोक नमुना म्हणून स्वतःजवळ ठेवून घेतले आहे. ब इमारतीतील बाकीच्या जुन्या केबलींची टोकेही आता रंग पाहूनच स्वीकारायची.

१२ जून २०२५, गुरुवार

मुख्य फाटकाच्या खांबावरचे काम उघडीप मिळाल्यामुळे परवा पूर्ण झाले, आज रात्रीची तपासणी केली. रात्रपाळीचे सुरक्षारक्षक काका अनेक वर्षे इथे आहेत आणि त्यांचे निरीक्षण मोलाचे ठरले. “साहेब, पाऊस सुरू झाला की मागच्या फाटकाचं चित्र दुधासारखं पांढरं होतं, आणि पाऊस नसला तरी पहाटे पहाटे होतं,” असे त्यांनी सांगितले. पहाटेच्या पांढरेपणाचे कारण लेन्सपुढे विणलेले कोळ्याचे जाळे निघाले. इन्फ्रारेड प्रकाशाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि लेन्सच्या इतक्या जवळच्या जाळ्यावर तोच प्रकाश पडून परततो. कॅमेऱ्यातील दिवे बंद ठेवून दोन मीटर बाजूला स्वतंत्र इन्फ्रारेड दिवा बसवला. आता किडे तिकडे जातात आणि पावसाचे थेंबही कमी चमकतात. जिन्यातील एका डोम कॅमेऱ्याच्या चित्रात धुरकट वर्तुळ दिसत होते, तिथे काचेखालची फोमची कडी लेन्सवर नीट बसलेली नव्हती.

वाहन क्रमांकाचा प्रश्न अधिक अवघड होता. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना येणाऱ्या उच्च सुरक्षा नंबरप्लेट प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात, त्यामुळे रात्री इन्फ्रारेडमध्ये संपूर्ण पाटी पांढरीफटक होते आणि अक्षरे बुडतात. त्यातच गाडी चालती असते. ताशी २० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. कॅमेऱ्याचा शटर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतका उघडा राहिला, तर त्या वेळात पाटी २२ सेंटिमीटर सरकते. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर आणला की हे सरकणे सव्वा सेंटिमीटरहून कमी राहते आणि पाटीवरचा अतिप्रकाशही आपोआप कापला जातो. अर्थात त्या शटरवर बाकीचे दृश्य जवळजवळ काळे दिसते. म्हणून आत येण्याच्या वाटेवर दोन कॅमेरे ठेवले. एक पाटीसाठी, गतिरोधकाच्या अलीकडे, कमी उंचीवर आणि तीस अंशांहून कमी कोनात, तर दुसरा चालकाच्या चेहऱ्यासाठी. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही मागण्याचा आग्रह समितीतील एका सदस्यांनी धरला होता. त्यांना दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी दाखवली, तेव्हा ते राजी झाले.

२० जून २०२५, शुक्रवार

ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या आज पुण्यात मुक्कामी येत असल्याने पेठांमधील रस्ते बंद आहेत. सामान आणणे शक्य नव्हते. नकाशा आणि केबल-क्रमांकांची वही पूर्ण केली.

२६ जून २०२५, गुरुवार

देखभालीच्या कामासाठी आज सकाळपासून दुपारपर्यंत परिसरातील वीज बंद होती. यूपीएसने पाऊण तास तग धरला, नंतर यंत्रणा बंद झाली. वीज आल्यावर पडद्यावर चोवीसही चौकटी दिसू लागल्या आणि सुरक्षारक्षकांनी सर्व सुरळीत असल्याचे कळवले. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे मागे जाऊन चित्रण तपासले, तेव्हा बारा कॅमेऱ्यांचे दुपारनंतरचे काहीच साठलेले नव्हते.

पडद्यावरचे थेट चित्र कॅमेऱ्याकडून सरळ येते, त्याचा डिस्कशी संबंध नसतो. एनव्हीआरला दुसरी हार्ड डिस्क दिसतच नव्हती, आणि तिच्यावर ज्या कॅमेऱ्यांचा गट नेमला होता त्यांचे चित्रण कुठेच जात नव्हते. यंत्र फक्त पुन्हा चालू केल्यावर डिस्क परत आली. पूर्ण बंद करून, थंड होऊ देऊन चालू केले की पुन्हा गायब. हा फरकच दिशा दाखवणारा होता. थांबलेली डिस्क फिरायला लागताना काही सेकंद १२ व्होल्टच्या वाहिनीवर सुमारे २ अँपिअर प्रवाह ओढते आणि फिरू लागल्यावर त्याचा एक छोटा अंश तिला पुरतो. दोन डिस्क एकदम सुरू होताना चार अँपिअर आणि मुख्य बोर्डाचा एक अँपिअर, म्हणजे पाचाची गरज, आणि पेटीतून आलेला अडॅप्टर चार अँपिअरचा होता. मोजले तेव्हा सुरुवातीच्या क्षणी दाब दहा व्होल्टच्या खाली जात होता. दुसरी डिस्क यंत्र चालू झाल्यानंतरच्या टप्प्यात बसवली गेली होती आणि त्यानंतरचे वीजखंड यूपीएसने झेलल्यामुळे थंड अवस्थेतून सुरुवात करण्याची वेळ आजवर आली नव्हती.

निर्मात्याने दोन डिस्कसाठी सांगितलेला जास्त क्षमतेचा अडॅप्टर बसवला आणि यंत्र अनेकदा थंड अवस्थेतून चालू करून पाहिले. डिस्क दिसली नाही, चित्रण थांबले किंवा कॅमेरा तुटला तर एनव्हीआरचा भोंगा वाजावा आणि सचिवांच्या मोबाइलवर संदेश जावा, ही सूचना चालू केली. सुरक्षारक्षकांच्या रोजच्या नोंदवहीत “कॅमेरे चालू” असा रकाना होता. तो बदलून “काल रात्री दोनचे चित्रण उघडून पाहिले” असा केला.

३० जून २०२५, सोमवार

क इमारतीतील एका ताईंनी सांगितले की समोरच्या खांबावरचा कॅमेरा त्यांच्या बाल्कनीत आणि पुढे खोलीत पाहतो. तपासले, तक्रार खरी होती. कॅमेरा खाली वळवला आणि बाल्कनीच्या भागावर कॅमेऱ्यातूनच काळी पट्टी टाकली, म्हणजे तो भाग साठवलाच जात नाही. एनव्हीआरमध्ये पट्टी टाकण्यापेक्षा हे अधिक सुरक्षित आहे. इतर सर्व कॅमेऱ्यांची दृश्ये त्याच दृष्टीने पुन्हा पाहिली आणि दोन दारांसमोरचे कोन बदलले. आवाजाचे मुद्रण सर्वत्र बंद आहे. फाटकांवर आणि लिफ्टमध्ये मराठी आणि इंग्रजी फलक लावले. चित्रण कोणी, कधी आणि कशासाठी पाहिले याची वही ठेवण्याचा ठराव समितीने केला. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा असो वा नसो, शेजाऱ्याच्या घरात डोकावण्याचा अधिकार सोसायटीला कॅमेऱ्यामुळे मिळत नाही.

४ जुलै २०२५, शुक्रवार

मागच्या रस्त्यावर एका दुचाकीला धक्का देऊन गेलेल्या टेम्पोचे चित्रण पोलिसांनी मागितले. पाटीवरचा क्रमांक स्पष्ट वाचता येतो. चित्रण एनव्हीआरमधून मूळ स्वरूपातच काढून दिले. पडद्याचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण दिलेले नाही. फाइलचे एसएचए-२५६ हॅश मूल्य (फाइलमध्ये जरासा बदल झाला तरी बदलणारी तिची ओळखखूण) काढून नोंदवले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्याच्या नमुन्यात हॅश मूल्याची जागा आहे. जुन्या कायद्यातील कलम ६५-ब खालील अशाच प्रमाणपत्राचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात दिला होता. तो वाद जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतील उमेदवारी अर्जाच्या वेळेबाबतचा होता आणि त्याच्या केंद्रस्थानी निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रण होते. मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य, हे त्यातून पक्के झाले. यंत्राचा ताबा सचिवांकडे असल्याने त्यांच्या सहीचा भाग त्यांनी भरला. कोरे नमुने कार्यालयातील फाइलमध्ये ठेवले.

११ जुलै २०२५, शुक्रवार

हस्तांतरणाची तपासणी झाली. प्रत्येक जागी एक सहकारी दिवसा आणि अंधारात चालून गेला, त्यानंतर साठवलेले चित्रण उघडून ५ मेच्या वहीतील प्रश्नांची उत्तरे सचिवांनी स्वतः लिहिली. एकवीस ठिकाणी उत्तर समाधानकारक आहे. ब इमारतीच्या मागील बाजूस रात्री चेहरा अजून पुरेसा उजळत नाही, तिथे लहान एलईडी दिवा लावायचा आहे. वाहनतळाच्या ईशान्य कोपऱ्यातील कॅमेऱ्याला सहा मिलिमीटरची लेन्स हवी, ती मागवली आहे. ड इमारतीच्या गच्चीवरील कॅमेऱ्याचा खांब पाऊस उघडल्यावरच बसेल, कारण ओल्या गच्चीवर छिद्रे पाडून गळतीला वाट करून देणे योग्य नाही.

नकाशा, आयपी पत्त्यांची यादी, केबलींचे मोजलेले रोध, स्विचनिहाय रात्रीच्या वॅटचा तक्ता आणि मोहोरबंद लिफाफ्यातील पासवर्ड सचिवांच्या स्वाधीन केले. पुढील देखभाल ऑक्टोबरमध्ये: काचा पुसणे, जाळी काढणे, जंक्शन बॉक्स उघडून पिना पाहणे, दोन्ही डिस्कच्या प्रकृतीच्या नोंदी वाचणे आणि यंत्र एकदा थंड अवस्थेतून चालू करून पाहणे.